पाणी गेलं त्याच वाटेनं: पुणे, कोयना, गुहागर

निघायच्या आधी थोडं

गाडी ऑगस्टमध्ये घरी आली. बीएमडब्ल्यू आयएक्स-१, लाँग व्हीलबेस. जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम ४९ लाख. हा आकडा लिहितानासुद्धा मी इकडेतिकडे बघून घेतलं. वीजमंडळाच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या माणसाला एवढी महाग गाडी घेतल्याचा आनंद होण्याआधी संकोच होतो, आणि तो जायला बरेच दिवस लागतात. मी पहिला महिनाभर क्लिनिकपासून दोन गल्ल्या लांब गाडी लावत होते. पेशंटनी बघितली तर पुढच्या बिलाच्या वेळी काय म्हणतील!

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर किंमत सांगितली तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे किती रूट कॅनल?"

"साधारण सातशे."

"हं. आणि बॅटरी किती युनिटची?"

बॅटरी ६६.४ युनिटची. कंपनीचा चाचणीतला पल्ला ५३१ किलोमीटर. माझ्या पायाखाली, एसी लावून, महामार्गावर एका युनिटला सव्वासहा किलोमीटर पडतात, म्हणजे चारशेच्या आसपास. अण्णांनी हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. सीट कशाची आहे, छत काचेचं आहे का, स्पीकर किती, यातलं काहीएक विचारलं नाही. अण्णा १९७३ साली वीजमंडळात लागले आणि २००७ साली महानिर्मितीतून निवृत्त झाले. माणूस तोच, खुर्ची तीच. मधे २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले, एवढाच फरक. सगळी नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या भूमिगत वीजगृहात.

गाडीची पहिली ओळख शांततेची. आई अजूनही बसल्यावर दर वेळी "सुरू झाली का गं?" असं विचारते. दुसरी ओळख हिरव्या नंबरप्लेटची. ती बघून सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काच खाली करायची खूण करतो आणि "एका चार्जिंगमध्ये किती?" असं विचारतो. उत्तर दिलं की "बॅटरी गेल्यावर किती?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तिसरी ओळख कागदांची, आणि ती सुखाची होती. विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्के. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर लावायचं मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आलं होतं, ते त्याच महिन्यात मागे घेतलं गेलं. तेव्हा मी शोरूमच्या फेऱ्या मारत होते, त्यामुळे ती बातमी घरात दिवाळीसारखी साजरी झाली. सोसायटीत चार्जर बसवायला मात्र तीन सभा आणि "आग लागली तर जबाबदार कोण" या विषयावर दीड तास लागला. ते जाऊ द्या.

डिसेंबरात मुलाच्या परीक्षा संपल्या. अण्णा म्हणाले, "एकदा कोयनेला जाऊन येऊ. तुझ्या गाडीला तिचं माहेर दाखवू." नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी, सोळा वर्षांचा मुलगा, अण्णा आणि आई असे निघालो.

दिवस पहिला: पुणे ते कोयनानगर

सकाळी सहाला कोथरूड, साडेसहाला धायरीतून आई-अण्णांना घेतलं. गाडीत ९८ टक्के. आईजवळ नेहमीची पिशवी: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, ओवा, आणि उलटी झाली तर असू दे म्हणून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्यातली एक लागली. चूक माझी.

सांगते कसं झालं. या गाड्यांमध्ये पाय उचलला की गाडी आपोआप वेग कमी करते आणि त्यातून वीज बॅटरीत परत जाते. गिअरचं बटण 'बी'वर ठेवलं की हे इतक्या जोरात होतं की ब्रेकला पाय न लावता गाडी थांबवता येते. चालवणाऱ्याला मजा, मागे बसणाऱ्याला बोट लागल्यासारखं. मी खंबाटकीच्या चढावर ट्रकांच्या मागेपुढे करत 'बी'वरच चालवत होते. घाटमाथ्यावर आईचा चेहरा पांढरा. मग 'डी'वर घेतली, पाय हलका केला, आई ओवा चघळत झोपली. घरातली मोठी माणसं मागे असतील तर घाट चढताना 'बी' विसरा. उतारावर लावा, पण पाय झटक्यात उचलू नका.

टोलचं एक सांगायला हवं, कारण अनेकांचा गैरसमज आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. पुणे-सातारा-कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग आहे. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे तिन्ही ठिकाणी मुकाट्यानं पैसे कापले गेले. मुलगा हिरवी प्लेट दाखवून वाद घालायला निघाला होता, त्याला आवरलं.

साताऱ्याच्या अलीकडे मिसळ, साताऱ्यात पाव किलो कंदी पेढे, आणि साडेदहाला कराड. ५९ टक्के. पुढे कोयनेला पोहोचायला हे भरपूर होतं, पण पलीकडे कोकणात उतरायचं म्हणून इथे भरून घ्यायचं ठरलं होतं. पहिल्या चार्जरचा पडदा चालू, त्यावर एक गोल फिरतोय, बस. "काल रात्रीपासून असाच फिरतोय," रखवालदार म्हणाला, जणू तो गोल त्याच्या ओळखीचा असावा. दुसरीकडे गेलो तर चार्जिंगची गन एका टॅक्सीला लावलेली. गाडी ९१ टक्क्यांवर, ड्रायव्हर मागच्या सीटवर घोरतोय. आम्ही उठवायचं की नाही यावर कुजबुजत होतो, तेवढ्यात अण्णांनी काचेवर टकटक केली. माणूस दचकून उठला, आधी पडदा बघितला, मग आम्हाला.

"सॉरी काका. ऐंशीच्या वर बसायचं नसतं, पण रात्रभर चालवली ओ."

कोल्हापूरचा होता. रोज कोल्हापूर-पुणे करतो. गन काढून माझ्या हातात देताना त्यानं फुकटात जी शिकवणी दिली तिला तोड नाही. दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत झपाट्यानं भरते, पुढे बॅटरी स्वतःच घोट घोट घेते, तेव्हा वरचे वीस टक्के भरत बसण्यापेक्षा पुढच्या ठिकाणी थांबावं. एकाच ॲपवर विसंबू नये, तीन ठेवावीत, प्रत्येकात पाचशे रुपये टाकून ठेवावेत. आणि चार्जर चालू आहे का हे ॲपला न विचारता तिथल्या चहावाल्याला फोन करून विचारावं. त्याच्याकडे प्रत्येक ठिकाणच्या चहावाल्याचा नंबर होता. मी चार घेतले.

चार्जरवर पाटी ६० किलोवॅटची, देत होता २५. अर्ध्या तासात ७६ टक्क्यांवर आलो आणि सोडून दिलं. युनिटला २२ रुपये पडले. अण्णांनी पावती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, बोलले काही नाहीत. या न बोलण्याचा अर्थ मला पस्तीस वर्षांपासून ठाऊक आहे.

प्रीतिसंगमावर अर्धा तास. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघून मुलगा म्हणाला, "आजोबा, कोयनेचं पाणी तर इकडे येतंय. मग तुम्ही पश्चिमेला काय नेत होता?" अण्णांच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती थेट गुहागरपर्यंत टिकली.

पाटणच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. दुपारी दोनला कोयनानगर, ६२ टक्के. हवा अशी की स्वेटर काढला तर थंडी आणि घातला तर घाम. साध्या रिसॉर्टमध्ये पिठलं, भाकरी, ठेचा आणि नाचणीचा पापड. धरण लांबूनच बघितलं. भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि अण्णांनी ओळख काढायला साफ नकार दिला. "निवृत्त माणसानं गेटवर नाव सांगू नये."

रेलिंगला टेकून ते नातवाला समजावत होते. भिंत १०३ मीटर उंच. मागच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं. नदी निसर्गानं पूर्वेला वाहते; तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला नेलं आणि जवळजवळ पाचशे मीटर खाली सोडलं. पोफळी पहिला-दुसरा टप्पा ६०० मेगावॅट, चौथा टप्पा १०००, खाली कोळकेवाडीला तिसरा टप्पा ३२०, धरणाच्या पायथ्याला ४०. बेरीज १९६०.

"आणि कितीही पाणी पश्चिमेला सोडता येतं?"

"छे. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलंय. म्हणून कोयना दिवसभर पळवायची नसते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागतात तेव्हा मिनिटांत सुरू करायची, गरज संपली की बंद." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या बॅटरीसारखंच. कुठे खर्च करायची ते ठरवून खर्च करायची."

आईला या सगळ्यात रस नव्हता. ती चिपळूणची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. फडताळातली पितळेची भांडी एकामागून एक खाली आली आणि शेवटी घंगाळ गडगडत अंगणापर्यंत गेलं, एवढंच तिला आठवतं. पण ते घंगाळ ती दर वेळी हातानं गडगडवून दाखवते.

दिवस दुसरा: कुंभार्ली घाट, अलोरे, गुहागर

पहाटे दरीत धुकं. गाडीच्या काचेवर इतकं दव की मुलानं बोटानं स्वतःचं नाव लिहिलं. नवजा बाजूला ओझर्डे धबधब्याकडे एक चक्कर मारली. डिसेंबरात धबधबा कसला, धार म्हणा. पावसाळ्यात या, पण मग जळवांसाठी मीठ बरोबर ठेवा.

घाटमाथ्यावर चहा घेतला तेव्हा ५६ टक्के. चहाच्या टपरीवर अण्णांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि पेढ्यांच्या पुडक्यावर गणित मांडलं. गाडी, चार माणसं, सामान मिळून अडीच टन धरू. पाचशे मीटर उतरायचं. "म्हणजे सव्वातीन ते साडेतीन युनिट ऊर्जा आहे आपल्याकडे. पाणी असतं तर मी त्यातली नव्वद टक्के काढून दाखवली असती. तुझी गाडी किती काढते बघू."

'बी' लावला. खाली चिपळूणची बाजू निळसर धुरकट दिसत होती. पुढे भरलेला ट्रक, मागे एसटी, मधे आम्ही, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता. पडद्यावरची पट्टी हिरव्या बाजूला झुकलेली. वळणावर एक माकडांची रांग कठड्यावर बसून उतरणारी वाहनं मोजत असल्यासारखी बघत होती. ट्रकच्या ब्रेकचा करपट वास येत होता. आमच्या चाकांना हात लावून अण्णांनी खाली उतरल्यावर खात्री करून घेतली, गार होती.

पोफळीला ५८ टक्के.

"दोन टक्के म्हणजे सव्वा-दीड युनिट," अण्णा म्हणाले. "वाऱ्याला गेली, टायरला गेली, थोडी तुझ्या ट्रकवाल्याला ओव्हरटेक करण्यात गेली. वाईट नाही." पस्तीस वर्षांत माझ्या कुठल्याही निकालावर त्यांनी दिलेला हा सर्वांत चांगला शेरा.

वीजगृह डोंगराच्या आत आहे. बाहेरून दिसतं ते फक्त आवार, फाटक आणि तारा. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. आत पेल्टन टर्बाइन कशी असते ते अण्णांनी हातांनी दाखवलं: दोन तळहात जोडून वाट्या केल्या, चाकाच्या कडेनं अशा वाट्याच वाट्या, आणि त्यांच्यावर पिचकारीसारखी पाण्याची धार. "त्या धारेत हात घातला तर हात राहणार नाही. आणि वर काय? तेच पाणी, ज्यात तू काल पाय बुडवलेस." खाली आलेलं पाणी कोळकेवाडीच्या तलावात साठतं, तिथे पुन्हा एकदा वीज करतं, मगच वाशिष्ठीला मिळतं. मार्च १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी वर शिवसागराच्या तळाला खालून भोक पाडलं, लेक टॅपिंग, तेव्हा सगळी कॉलनी रेडिओला कान लावून बसली होती. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होते. अण्णांनी रात्री फोन करून फक्त "झालं" एवढंच सांगितलं होतं. कोण आजारी होतं या भीतीनं माझा जीव वर आला होता.

अलोरे. माझं दहावीपर्यंतचं गाव. कॉलनीत आता शांतता आहे, आणि ती गाडीसारखी विकत घेतलेली शांतता नाही. आमच्या क्वार्टरच्या रांगेला दारं नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उंबराचं रोपटं बाहेर आलंय, चांगलं मनगटाएवढं. आई आत गेली, ओट्यावर हात फिरवला, तिथली धूळ पदराला पुसली आणि बाहेर आली. "मीटर कुठे होता?" मुलानं विचारलं. अण्णांनी भिंतीवरचे दोन खिळे दाखवले. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून जाता जाता थांबले, अण्णांना आधी ओळखलं नाही, मग ओळखलं, मग दोघांनी कोण कोण गेलं याची यादी केली. निघताना त्यांनी गाडीकडे बघून विचारलं, "सरकारी आहे का?"

चिपळूणला भरायचा विचार होता, पण चार्जरला दोरी बांधून 'देखभालीसाठी बंद' असा कागद. चहावाला नव्हता. त्यामुळे दुपारी सुरमई, सोलकढी आणि आमसुलाचं सार असं जेवून, मनात हिशेब करत गुहागर. पोहोचलो तेव्हा ४२ टक्के. परत कराडपर्यंत दीडशे किलोमीटर, त्यात तोच घाट चढून. आलेली पट्टी बघता कराडला शून्यावर पोहोचले असते. झोप लागेना.

होम स्टे सुपारीच्या वाडीत. दारात पायरीवजा उतार होता, तिथे पुढचा खालचा भाग घासला. दोष माझ्या घाईचा. आधी उतरून बघायला हवं होतं. रात्री आमच्याजवळचा घरगुती चार्जर थ्री-पिनच्या पॉवर प्लगला लावला. लाल दिवा. दुसऱ्या खोलीत, लाल. स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगला, तिथेही लाल. होम स्टेच्या मालकीण वहिनी म्हणाल्या, "अहो, फ्रिज तर चालतो यावर!"

अण्णा झोपायला जाताना म्हणाले, "अर्थिंग नाहीये. सकाळी बघू."

दिवस तिसरा: अर्थिंग

सकाळी सहाला जाग आली तेव्हा अण्णा वाडीत होते. हातात काठी, डोक्याला मफलर, मीटरच्या पेटीपासून निघालेली एक गंजकी पट्टी कुठे जाते ते शोधत. पट्टी घराच्या मागे, न्हाणीपासून दूर, पालापाचोळ्याखाली जमिनीत शिरत होती. पाऊस गेल्याला दोन महिने झाले होते, माती फुटाण्यासारखी कोरडी.

"बघ. आत प्लेट आहे, पण भोवतीची माती सुकली की करंट जमिनीत जायला कबूल होत नाही. फ्रिजला त्याचं काही वाटत नाही. तुझी गाडी शहाणी आहे, तिला मागची वाट मोकळी दिसल्याशिवाय ती तोंड उघडत नाही."

घरमालक भाऊंनी वायरमनला फोन केला. तो तासाभरानं स्कूटरवरून आला, पंचविशीचा, कानात इअरफोन. अण्णांना बघून आधी थोडा फुगला. मग फेज आणि अर्थिंगच्या मधे टेस्ट लॅम्प लावला. बल्ब नुसता तांबूस झाला, देवघरातल्या समईएवढाही नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला तर लख्ख. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त भुवया उंचावल्या.

"खड्डा भरूया," वायरमन म्हणाला.

मग जे झालं ते मला प्रवासातलं सगळ्यात जास्त आठवणार आहे. वहिनींनी भांड्यांच्या फडताळातून खडे मिठाची अख्खी बरणी आणली. पट्टीच्या बाजूची माती फावड्यानं मोकळी केली, चुलीतला कोळसा कुटून टाकला, मीठ टाकलं आणि विहिरीवरून बादल्या सुरू झाल्या. मुलगा रहाटावर, भाऊ मधे, मी खड्ड्याशी. पहिल्या सहा बादल्या जमिनीनं नुसत्या पिऊन टाकल्या, बुडबुडेही आले नाहीत. अण्णा पायरीवर बसून, "घाल, अजून घाल, तहानलेली आहे ती" असं म्हणत होते. आई गवती चहा करून आणत होती. वायरमननं गंजलेला नटबोल्ट काढला, पट्टी पॉलिश पेपरनं घासली, नवा बोल्ट आवळला. दहा वाजता पुन्हा बल्ब लावला. लख्ख.

चार्जर लावला. हिरवा दिवा. भाऊंच्या धाकट्या मुलीनं टाळ्या वाजवल्या.

हे वाचून कुणी स्वतः फेजला बल्ब लावायला जाऊ नका. वायरमन बोलवा. पण मुक्कामाची खोली ठरवताना फोनवर "चार्जिंग पॉइंट आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "सोळा अँपिअरचा प्लग आणि चालू अर्थिंग आहे का" असं विचारा. आणि पुढून एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा मोह टाळा. तासन्‌तास दहा-बारा अँपिअर ओढल्यावर स्वस्त बोर्ड वितळतो.

दिवसभर गाडी वाडीत दूध पिणाऱ्या वासरासारखी उभी. आम्ही रिक्षानं अंजनवेलला गेलो. ४९ लाखांची गाडी घरी ठेवून तीनचाकीत, चौघं, अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर. आई म्हणाली, "यात कसं, वारा लागतो."

गोपाळगडावरून दाभोळची खाडी दिसते आणि अलीकडे वीजप्रकल्पाच्या चिमण्या. एन्रॉनचा हा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, एन्रॉन त्याच वर्षी डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावानं तो पुन्हा उभा राहिला. क्षमता १९६७ मेगावॅट. कोयना सगळी मिळून १९६०. अण्णांना हा सात मेगावॅटचा फरक वीस वर्षं खुपतोय. "हा गॅसवर. गॅस जगाच्या भावानं. आमचं पाणी ढगातून येतं." त्या काळात मंडळातल्या माणसांनी या प्रकल्पाच्या विजेच्या दरावर किती डबे खाताना किती वाद घातले असतील याची मोजदाद नाही. मुलगा मात्र खाडीत उतरणारी फेरीबोट बघत होता.

संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन, मग समुद्र. गुहागरचा किनारा लांबच लांब, मागे सुरूची बनं, आणि त्या दिवशी माणसं मोजून बारा. रात्री घावन, नारळाचा रस, कुळथाचं पिठलं, आणि आई-वहिनींची सुपारी सोलण्याची स्पर्धा. वहिनी जिंकल्या.

संध्याकाळी सातला गन काढली होती, ७१ टक्के. अण्णांनी सकाळीच मीटरचा आकडा लिहून ठेवला होता: एकवीस युनिट. भाऊ पैसे घेईनात. "पाहुण्यांकडून कसले विजेचे पैसे!" अण्णा मात्र हट्टाला पेटले.

"तुमचा महिन्याचा वापर किती? नव्वद? शंभरच्या पुढे गेलात की वरच्या टप्प्याचा दर लागतो. आमच्या एकवीसमुळे तुम्ही टप्पा ओलांडलात. पैसे वरच्या दरानं घ्यायचे."

शेवटी वहिनींनी घेतले, आणि बदल्यात आईच्या पिशवीत दोन किलो कोकम आणि एक नारळ बसला.

दिवस चौथा: वर चढताना

सकाळी सातला निघालो. चिपळूणपर्यंत काही विशेष नाही, रस्त्याची कामं आणि धूळ. पोफळीला ५४ टक्के. घाट चढून माथ्यावर ४४.

"उतरताना दोन दिले, चढताना दहा घेतले," मुलगा म्हणाला. "घाट लुटतो."

अण्णा म्हणाले, "घाटघरला जा कधी. तिथे अडीचशे मेगावॅटचा प्रकल्प आहे. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा तेच पाणी पंपानं वर चढवतात, संध्याकाळी सोडतात. खाली सोडल्यावर मिळते त्याहून जास्त वीज वर चढवायला लागते. तरी करतात. संध्याकाळच्या विजेची किंमत वेगळी."

कराडला सुदैवानं दोन्ही गन मोकळ्या. चहावाल्याला आदल्या दिवशीच फोन केला होता, त्यानं "या ताई, आज साठनं देतोय" असं सांगितलं होतं आणि खरंच ५० च्या वर देत होता. पंचवीस मिनिटांत ३० वरून ६५. तेवढ्यात वडापाव दोनदा झाला. परतीचा खंबाटकी बोगद्यातून असतो, तिथे चढ नाही, हे मी विसरूनच गेले होते. उगाच पाच मिनिटं जास्त भरली.

कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर नवले पुलापर्यंत लाल दिव्यांची रांग. पाऊण तास तिथेच. इथे मात्र या गाडीचं खरं सुख कळलं: इंजिन नाही, थरथर नाही, एसी चालू, आई झोपलेली, आणि बॅटरी अर्धा टक्काही उतरली नाही. बाहेर एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, तो सिनेमातल्यासारखा आवाज बंद करून दिसत होता. अण्णा त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी पहिल्यांदाच सीटवर हात फिरवला.

"चामडं आहे का हे?"

"नाही अण्णा, तसं दिसतं."

"बरं आहे," म्हणाले आणि मान मागे टेकली.

उशीर झाला म्हणून धायरीला न जाता दोघं आमच्याकडेच कोथरूडला आली. नऊ वाजले होते. आई आणि मुलगा सामान घेऊन लिफ्टनं वर गेले. मी चार्जरला गन लावली, हिरवा दिवा लागला. मी वळले तर अण्णा जागेवरून हललेले नाहीत. चार्जरच्या पेटीतून खाली उतरलेली हिरवी वायर ते डोळ्यांनी माग काढत भिंतीपर्यंत गेले, मग वळून रखवालदाराजवळ.

"अर्थिंगचा खड्डा कुठाय इथला?"

त्याला माहीत नव्हतं. टॉर्च घेऊन दोघं जनरेटरच्या मागे गेले, मग बागेच्या कडेला. शेवटी जास्वंदीच्या मागे, फरशीच्या ठोकळ्याखाली सापडला. झाकण उचललं. आत सिगारेटची दोन पाकिटं, एक चेंडू, आणि कोरडी खडखडीत माती.

अण्णांनी मफलर सोडून कठड्यावर ठेवला आणि रखवालदाराला म्हणाले, "दोन बादल्या आण. मीठ वरून घेऊ."